बठ्ठं शे

"पाटीवर काय लिहू?" असं पेंटरनं विचारलं, तेव्हा पुनाची फोडणी करपायला आली होती. प्रश्न अर्धाच ऐकून, जेवायला काय काय आहे ते विचारतोय असं समजून त्याने मान वर न करताच सांगितलं, "बठ्ठं शे." म्हणजे सगळं आहे. पेंटरही बहाद्दर! ढाब्याच्या भिंतीवर हातभर अक्षरांत त्याने तेच रंगवलं. नागपूरकडच्या ड्रायव्हरांना वाटलं, मालकाचंच नाव असणार. ते पुनाला 'बठ्ठाशेठ' म्हणू लागले. पायात धड चप्पल नसलेला पुना एका पाटीनं शेठ झाला.

त्या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. धुळ्याहून पारोळ्याकडे जाणारा तो हायवे आता जुना म्हणतात. नवा चौपदरी रस्ता दोन शेतं पलीकडून गेला आणि जाताना सगळी वर्दळ घेऊन गेला. शेजारच्या पंक्चरवाल्याचा नुसता खांब उरलाय, रसवंतीचा चरक गंजून पडलाय. रस्ते कुणाचे नसतात हेच खरं. माणसं उगाच त्यांना आपले म्हणतात.

आज दुपारी चार वाजता मुलगा दीपक टेम्पो घेऊन येणार होता, आईबापांना आणि भांडीकुंडी धुळ्याला न्यायला. पुनाच्या बायकोनं, भागाबाईनं, नाही म्हटलं नाही. गुडघे बोलत होते, गिऱ्हाईक बोलत नव्हतं. पण चूल विझवायची तर तिची एकच अट होती.

"एक गिऱ्हाईक जेवाडसू, मंगच चूल इझाडसू."

सकाळपासून शेवभाजी चुलीवर होती. पुना रस्त्याकडे तोंड करून बसला होता, जमिनीवर. गिऱ्हाइकाच्या खाटेवर मालकानं बसायचं नाही, हा त्याचा नेम. एकतीस वर्षं तो जेवला तेही कोपऱ्यात उभ्यानं, तवा उतरल्यावर.

तीनच्या सुमारास एक गाडी थांबली. पुना असा उठला की खांद्यावरचा टॉवेल खाली पडला. तोच उचलून त्याने खाट झटकली.

"या भाऊ, बसा. बठ्ठं शे."

गाडीतल्या तरुणानं काच निम्मीच खाली केली. "आबा, फोर लेनला कुठून जायचं? मॅपनं इकडे आणून सोडलं."

"दोन घास जेवी ल्या ना."

"आत्ताच जेवलो, नव्या हायवेवर."

पुनानं हात लांब करून वाट दाखवली. ज्या रस्त्यानं पोटावर पाय दिला, त्याचीच वाट आपल्या हातानं दाखवायची! त्याला स्वतःची लाज वाटली, आणि का वाटली ते कळेना. गाडी वळून गेली.

मग दीपकच आला. सगळं ऐकून म्हणाला, "आई, मी जेवतो की."

"घरनं पोरगं गिऱ्हाईक नही व्हस," भागाबाई म्हणाली. तिनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग नवऱ्याला म्हणाली, "तुम्हीन बसा खाटवर."

"मालकनी खाटवर बसवं नही."

"आते कोठला मालक?"

ती रागानं बोलली नव्हती, पण पुनाला ते फार लागलं. तो खाटेच्या कडेवर बसला, परक्याच्या घरी बसावं तसा. भागाबाईनं ताट पुसलं आणि पदर खोचून समोर उभी राहिली. वाढेना. गिऱ्हाइकानं विचारल्याशिवाय ती कधीच वाढत नसे.

पुनाच्या ते उशिरा लक्षात आलं. त्याने घसा खाकरला.

"जेवाले काय शे?"

"शेवभाजी शे," भागाबाई म्हणाली. "कळणानी भाकर शे. कांदा शे."

इथवर येऊन ती थांबली. यापुढचे दोन शब्द ती एकतीस वर्षं रोज म्हणत आली होती. पुना वाट बघत राहिला. तिच्यामागे भिंतीवर ते हातभर अक्षरांत होते, पण तिच्या तोंडून काही निघाले नाहीत.

ती खाली बसून वाढू लागली. पुनानं शेवटच्या घासापर्यंत सगळं खाल्लं आणि हात धुवायला तांब्या उचलला. भागाबाईनं तो त्याच्या हातून घेतला आणि चुलीत ओतला.