सहावा चंबू

कडूबाईनं सहावा चंबू मोरीत उपडा केला आणि विसळायला नळ सोडणार, तेवढ्यात दारात चपला वाजल्या.

“मावशी, ते पिवळे कुठं गेले?”

संशोधन करणारी महेश्वरी दारातच थांबली होती. कडूबाईचा हात नळावर तसाच राहिला. बारा वर्षं ती कृषी विद्यापीठाच्या या प्रयोगशाळेत काच धूत आली होती आणि तिचं गणित सरळ होतं: हिरवं ते जितं, पिवळं ते मेलं. फळीवर चिकटवलेली ‘धुऊ नये’ ही चिठ्ठी तिनं वाचली होती. पण ती शेजारच्या हिरव्यागार चंबूंसाठीच असणार, असं धरून चालली.

“सकाळी प्रॅक्टिकलची पोरं आलती,” ती म्हणाली. “त्यायनंच ओतलं असंल. मी आपले रिकामे धुवायले.”

खोटं इतकं सहज निघालं, की तिचं तिलाच नवल वाटलं.

महेश्वरीनं तो सहावा चंबू उजेडात धरला. तळाशी फिक्कट ओघळ उरला होता, ताकाच्या निवळीसारखा. तिनं त्यात कसलंसं पाणी घातलं आणि चंबू दिव्याखाली ठेवला.

“मेलेल्याला काय घालायलात ताई?”

“मेलेलं नाही ते. शेवाळ म्हणतो आपण, पण जिवाणू आहेत, उजेडावर जगणारे. चाळीस दिवस नत्र तोडलं होतं त्यांचं. युरिया नाही मिळाला की कपाशी पिवळी पडते ना, तसं. पण हे मरत नाहीत. आपला रंगच मोडून खातात अन् गप पडून राहतात.”

“अन् आता?”

“आता नत्र दिलंय. जीव असेल तर दोन दिवसांत रंग परत येईल. नाही आला तर...” तिनं चष्मा काढून पुसला. “पुन्हा चाळीस दिवस उपाशी ठेवायला माझ्याकडं दिवस नाहीत. प्रबंधाची मुदत संपते.”

दुसऱ्या दिवशी कडूबाईनं तीच खोली तीनदा झाडली. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. चंबू पिवळा तो पिवळाच.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, तिच्या गावात, झरीत, सप्त्याच्या काल्याचं कीर्तन होतं. एरवी महाराजांनी चाल धरली की बायांमधून पहिला आवाज कडूबाईचा उठायचा. आज तिची टाळीसुद्धा चुकत होती. महाराज रंगात आले होते. गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या जात होत्या, कुणाच्या घरचं काय हे न विचारता देव सगळ्यांचं उष्टं खात होता. कडूबाईला मात्र पिवळा चंबू दिसत होता. हंडी फुटली. शेजारीण सरजाबाई काला वाटत आली, तशी कडूबाईनं पुढं केलेला हात मागं घेतला.

“का गं, देवावर रुसलीस का?”

“तोंड खराब हाय माझं.”

“मग डब्यात घे. तोंड काय जन्मभर खराब राहतंय?”

डबा पिशवीत घालून ती दुपारी कामावर पोचली. महेश्वरी चंबूसमोर स्टूल ओढून बसली होती.

“मावशी, बघा.”

ज्वारीच्या कोवळ्या पात्यावर असते तशी झाक पाण्यात उतरली होती. कडूबाईनं नकळत हात जोडले.

“त्या पोरांची तक्रार लिहून ठेवली होती मी,” महेश्वरी हसली. “आता फाडून टाकते.”

कडूबाई मान हलवून मोरीकडं वळली. दोन पावलं गेली आणि थांबली.

“पोरं न्हवती ताई. मीच ओतले. चिठ्ठी वाचूनबी ओतले, अन् वर खोटं बोलले.”

महेश्वरीचं हसू विरलं. ती बराच वेळ चंबू उजेडात फिरवत राहिली. मग तिची नजर पिशवीकडं गेली.

“डब्यात काय आहे?”

“काला.”

“तुम्ही घेतला?”

“न्हाई.”

महेश्वरीनं चंबू जपून जागेवर ठेवला आणि ती उठली.

“इथं खायला बंदी आहे,” ती म्हणाली. “व्हरांड्यात बसू.”