उघडी राहिलेली चूल

वेदिकेला तुर्कस्तानातील उत्खननाचे बोलावणे आले, तेव्हा तिच्यापेक्षा आनंद मलाच अधिक झाला असावा. पुरातत्त्व शिकत असताना पाच वर्षे ती दर रविवारी एसटीने नाशिकला माझ्याकडे संस्कृत शिकायला येत असे. तिथल्या प्राचीन हित्ती राजांच्या राजधानीत सापडलेल्या एका मृत्तिकापटावर मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य ही आपली वैदिक दैवते तहाचे साक्षी म्हणून नोंदलेली आहेत. त्याच हित्तींच्या एका प्राचीन टेकाडावर आता माझी विद्यार्थिनी काम करणार होती.

पण तिकीट काढण्याची मुदत चार दिवसांवर आली तरी ती गप्पच. विचारले, तेव्हा म्हणाली, "मोठी आई नको म्हणते, गुरुजी. तिचं मन मोडून मी जाणार नाही."

मोठी आई म्हणजे तिची थोरली चुलती, कुसाबाई. आईवेगळ्या वेदिकेला तिनेच वाढवले. मी वेदिकेसह निफाडजवळच्या त्यांच्या गावी गेलो. कुसाबाई कांदाचाळीपाशी कांदे निवडत होत्या.

"या गुरुजी. तुम्हीच हिच्या डोक्यात भरवलंय ना हे?"

"अंशतः," मी म्हणालो आणि समजावू लागलो. एका वस्तीच्या अवशेषांवर दुसरी वस्ती, तिच्यावर तिसरी, असे ते टेकाड वाढलेले असते. त्याचे थर वाचणे म्हणजे काळाचा ग्रंथ शेवटच्या पानापासून उलगडणे. चारही दैवतांची नावे मी भक्तिभावाने उच्चारली. कुसाबाईंचे हात थांबले नाहीत.

"देवांची नावं लय चांगली हायेत. पण पांढरी उकरू नये. कुणाची का असंना."

काळी शेताची, पांढरी वस्तीची. आपल्याकडे दोघींची शपथ वाहतात. ओसाड पडली तरी पांढरीचा मान उणा होत नाही.

"आपल्या गावच्या पांढरीच्या टेकाडाची माती तर तात्यांनीच बागेत टाकली ना?" वेदिका म्हणाली.

आता मात्र हात थांबले. "म्हणून तर सांगते." तात्या म्हणजे त्यांचे यजमान, सावळीराम. "माती काढताना तिसऱ्या दिवशी कडंला जुनी चूल उघडी पडली. राख बी तशीच. मी म्हणलं, झाका तिला. म्हणाले, उद्या झाकू. रात्री छातीत कळ आली आन् गेले. सहा वर्षं झाली, ती चूल उघडीच हाय. कोणत्या तोंडानं जाऊ तिथं?"

कार्यकारणभावाविषयी दोन शब्द माझ्या जिभेवर आले होते. मी ते गिळले.

"मोठी आई, आम्ही चूल उघडी टाकत नाही," वेदिका हळू म्हणाली. "मोजतो, चित्र काढतो, थोडी राख तपासायला घेतो. काम संपलं की वर कापड, वाळू, मग तिचीच माती. पुढं कुणी आलं तर त्याला ती शाबूत मिळायला हवी."

"खोटं बोलू नको."

"चल, दाखवते."

आम्ही तिघे टेकाडावर गेलो. कापलेल्या कडेला ती चूल होती. अर्धी ढासळलेली, जळून तांबडी झालेली. वेदिकेने मापाची फीत काढली. "गुरुजी, टोक धरा. हलू नका." चाळीस वर्षे वर्गात मी हेच सांगत आलो होतो, आज मुकाट्याने ऐकले. तिने मापे घेतली, चित्र काढले, फोटो घेतले, थोडी राख पिशवीत भरली. शेजारचे रंगीत खापर न हलवता न्याहाळून ती म्हणाली, "कदाचित सव्वातीन-साडेतीन हजार वर्षांचं. तिकडे हित्तींचं राज्य होतं त्या सुमाराचं."

"म्हंजे तिकडची बाई आन् इकडची बाई एकाच टायमाला भाकरी थापत होती म्हण की!"

"भाकरी की आणखी काही, ते राख सांगेल."

बागेतले शेडनेट चुलीवर पसरले. वाळू झाली, मग माती. शेवटची घमेली कुसाबाईंनी कुणाला टाकू दिली नाहीत. भिंत लिंपावी तशी त्यांनी तळव्याने माती दाबली आणि बराच वेळ हात तिथेच ठेवला.

मग पदराला हात पुसत त्यांनी विचारले, "तिकडं अशा चुली लय असतील ना?"

"असतील."

"मग इथं माझं तोंड काय बघते? तिकीट काढ. आन् राखेत काय निघालं ते फोनवर सांग मला."