न जुळलेल्या फाइली

"फुकट कोण देतं रे एवढं?" मी झेनिशला म्हटलं. "तीन दिवसांत चौदा चुका दुरुस्त करून दिल्या या माणसाने. ओळख ना पाळख."

झेनिश आमच्या ऑफिसात नदीवरची मोजणीयंत्रं सांभाळतो. माझ्याहून दोनच महिन्यांनी धाकटा, पण चारचौघांत मुद्दाम मला एजे म्हणतो, म्हणजे थोरली बहीण. चहात बोरसोक, म्हणजे तळलेल्या पिठाचा तुकडा, बुडवत तो म्हणाला, "एजे, तुम्हाला मदत केली तरी राग, नाही केली तरी राग. माणसाने करायचं काय?"

"तू गप्प बस. तुझ्यासाठीच चाललंय हे."

आणि ते खरंच होतं. नारिन नदीवरच्या जुन्या यंत्रांचे आकडे वाचणारं एक छोटं सॉफ्टवेअर पॅकेज मी अकरा वर्षांपूर्वी लिहिलं आणि सगळ्या जगाला खुलं करून टाकलं. आता बिश्केकमधले आमचे कॉम्प्युटर नव्या सिस्टिमवर जाणार होते. लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्रॅम बनवतो तो कंपायलर. नव्या सिस्टिमच्या कंपायलरला माझा जुना कोड काही केल्या पचेना. शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर पॅकेज नव्या सिस्टिमच्या यादीतून वगळणार होते. मग ऐन पुरात झेनिशला वर घाटात जाऊन पाण्याची उंची डोळ्यांनी वाचावी लागली असती. गेल्या वर्षी तिथल्याच खडकावरून आमचा एक माणूस वाहून गेला.

अशात शेजारच्या देशातल्या खोरोग गावचा म्हणवणारा कुणी मुबोराकशो इंटरनेटवर उगवला. ना फोटो, ना ठावठिकाणा. वर त्याच्या दुरुस्तीला दुसऱ्या एका पॅकेजची नवी आवृत्ती हवी, म्हणे. का? जुनीने काय घोडं मारलं होतं? गोड बोलून आत शिरायचं आणि मग कोडमध्ये विष कालवायचं, असे लोक असतात. मी काही कालची पोर नाही.

गुरुवारी त्याचा कोड मी माझ्या मशीनवर चढवला आणि त्यातून प्रोग्रॅमची फाइल तयार केली. त्याने स्वतः तयार केलेली फाइलही पाठवली होती. कोड तोच, कंपायलर तोच, आवृत्त्या त्याच; दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या निघायला हव्यात. निघाल्या नाहीत.

"सापडला चोर," मी म्हटलं.

"आधी विचारा तरी त्याला," झेनिश म्हणाला.

मी कसली विचारते. जगभरचे लोक वाचतात त्या चर्चेच्या पानावर त्याचं नाव घेऊन लिहिलं : "मुबोराकशो, तुम्ही या फाइलीत काहीतरी लपवलं आहे. अशा माणसांना इथे जागा नाही."

तासाभराने उत्तर आलं, माझं नाव माझ्या वडिलांच्या नावासकट घेऊन, अदबीने. "कलिचा तोक्तोसुनोव्ना, तुमची फाइल तुम्हीच दोनदा तयार करून पाहा."

केली. माझ्याच मशीनवर, माझ्याच हातांनी. दोन्ही वेगळ्या निघाल्या.

मग ओळ न् ओळ चाळली. दोनशे बाराव्या ओळीत, अकरा वर्षांपूर्वी मीच हौसेने, फाइल तयार झाल्याची तारीख-वेळ तिच्यात कोरायची सोय करून ठेवली होती. घड्याळ पुढे सरकलं की फाइल वेगळी. दुसऱ्या पॅकेजची ती नवी आवृत्ती का लागते, तेही त्याने पहिल्याच दिवशी सविस्तर लिहिलं होतं. मी वाचलंच नव्हतं.

त्याच पानावर माफी मागितली. चूक माझी, ओळ माझी, आळही मीच घेतला, सगळं लिहिलं. मदत करणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव घालते, असंही लिहिलं.

"दुरुस्ती वापरा," त्याने कळवलं. "आमच्या गुंट नदीवरही तुमचंच पॅकेज चालतं, म्हणून तर आलो होतो. यादीत मात्र नाव घालू नका. माझ्या मुली कधीतरी माझं नाव शोधतील, तेव्हा त्यांना तुमचं ते वाक्य सापडेल. माझं आणखी काही तुमच्याकडे असलेलं मला नको."

त्यानंतर त्याने खातंच बंद केलं.

शुक्रवारी पॅकेज यादीत राहिलं. पूर आला, ओसरला. झेनिशला घाटात जावं लागलं नाही. तो एकदाच म्हणाला, "एजे, पुसून टाका ना ते वाक्य." मी केव्हाच पुसलं होतं. पण त्या पानाच्या नकला कुठे कुठे गेलेल्या असतात, त्या माझ्या हातात नाहीत.

रोज सकाळी ऑफिसात आले की आधी मी त्याचं नाव टाकून शोधते. अजून सगळ्यात वर माझंच वाक्य येतं.