वेळेआधी सुटलेली बस

डेपोत त्याला खऱ्या नावाने कोणीच हाक मारत नसे. सगळे म्हणत भरपाई. बाकीच्यांच्या बस चौकाचौकात अडकून वाट्टेल तेव्हा यायच्या. हा मात्र सापडेल तिथून वेळ ओरबाडून काढायचा. मोकळा रस्ता दिसला की दामटायची, स्टॉपवर शेवटचा माणूस पायरी चढला की दार बंद, पळत येणाऱ्याकडे आरशात बघायचंसुद्धा नाही. त्यामुळे झालेल्या उशिराची थोडीफार भरपाई व्हायची आणि तेवढ्यावर स्वारी खूश असायची. निवृत्ती जवळ आली तरी कॉलर ताठ होती.

ती कॉलर खाली यायची ती फक्त थोरल्या दादांपुढे. दादांचं बाजारपेठेत फर्निचरचं दुकान होतं, ते व्यापारी संघाचे अध्यक्ष होते आणि घड्याळाचे अगदी गुलाम होते. लग्न असो की दातांचा डॉक्टर, ते ठरल्या मिनिटाला हजर. लवकर गेलं तर वेळ फुकट, उशिरा गेलं तर अब्रू गेली, असं त्यांचं म्हणणं. धाकट्या भावाच्या नोकरीबद्दल त्यांचं एकच ठेवणीतलं वाक्य होतं, "छोट्या, तुझ्या बसच्या भरवशावर राहिलो, तर दुकान संध्याकाळी उघडेल." सगळे हसायचे. छोट्याही हसायचा, पण ते वाक्य त्याला वर्षानुवर्षं सलत होतं.

आणि मग नवा नियम आला. शहराच्या मधल्या भागात दिवसा खासगी गाडी न्यायची तर शुल्क भरायचं, आणि त्या पैशातून बस वाढवायच्या. लोकांनी त्याला लगेच गर्दीशुल्क म्हणायला सुरुवात केली. व्यापाऱ्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नियम लागू व्हायचा त्याच दिवशी दुपारी दादांनी संघाची सभा बोलावली. विषय एकच, बाजारपेठ बंद.

आदल्या रविवारी सगळे दादांकडे जेवायला जमले होते. धाकट्याने धीर केला.

"दादा, बंद करायचाय तर कर. पण त्या दिवशी सकाळी गाडी घरी ठेव आणि माझ्या बसने ये. मग सभेत काय ते बोल."

वहिनींचा वाढता हात थांबला. दादांनी शांतपणे घास संपवला.

"एकदा येईन. एकदाच. बस चुकली किंवा रखडली, तर माझ्यासमोर पुन्हा बसचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल."

"मोठेकाका, माझीही बस त्याच रस्त्यावर असते हं. बाबांच्या मागोमाग," त्याची लेक म्हणाली. ती नुकतीच चालक म्हणून रुजू झाली होती. बापानेच तिला शिकवलं होतं.

"तुझ्या बसचं काय सांगतेस!" बाप म्हणाला. "दादा, ही बाई प्रत्येक स्टॉपवर अशी रेंगाळते, जशी काही पाहुण्यांना निरोप देतेय."

लेकीने नुसतं हसून ताटात भात घेतला.

तो दिवस उजाडला. डेपोच्या साहेबांनी सगळ्या चालकांना गोळा करून बजावलं, "नवीन वेळापत्रक पुढच्या आठवड्यात येईल. आज जुनंच चालेल. रस्ते मोकळे असतील, तेव्हा वेळेच्या आधी कोणीही स्टॉप सोडायचा नाही."

"वेळेच्या आधी!" भरपाई इतक्या मोठ्याने हसला की कॅन्टीनमधली माणसं वळून बघायला लागली. "साहेब, या जन्मात तरी ते शक्य नाही."

बस निघाली. आणि काय सांगावं! ज्या चौकात त्याची निम्मी हयात ब्रेकवर पाय ठेवून गेली, तो चौक रिकामा होता. रस्त्यावरचे पांढरे पट्टे त्याने कितीतरी वर्षांनी सलग पाहिले. हॉर्नचा गोंगाट नाही, बस माणसांनी भरलेली, आणि कोणाच्या कपाळाला आठी नाही. त्याचा ऊर भरून आला. ये म्हणावं दादा, बघ म्हणावं आता! हात आणि पाय मात्र आपलं जुनंच काम करत होते. मोकळा रस्ता, दामट. शेवटचा माणूस चढला, दार बंद.

पुलाजवळचा स्टॉप दादांचा. तिथे दोन बाया चढल्या. दादा नव्हते. त्याने दोन्ही आरशांत पाहिलं. नाहीत. शेवटी गाडीनेच गेले म्हणायचे! एवढा शब्द देऊन! त्याने डोक्यात राख घालून घेतली आणि धाडकन दार लावलं. पुढे जाताच पिशवीतला फोन वाजू लागला, पण स्टिअरिंगवर हात असताना फोन घ्यायचा नाही हा नियम त्याने कधी मोडला नव्हता.

बाजारपेठेच्या शेवटच्या स्टॉपवर उतारू उतरले. तिथला नियंत्रक मनगटावरच्या घड्याळाकडे बघत जवळ आला.

"काका, तुम्ही इतक्यात कसे?"

भरपाईने बाजारपेठेच्या कमानीवरचं घड्याळ पाहिलं. बसच्या वेळेला अजून बराच अवकाश होता. दादांनी शब्द मोडला नव्हता. दादा ठरल्या मिनिटाला स्टॉपवर आले असणार आणि त्याच्या आधीच हा निघून गेला होता. उभा जन्म उशिरा येणारा माणूस नेमका आज लवकर गेला होता. त्याने फोन काढला. दादांचाच होता. उलट फोन केला, तर उचलेनात.

तो पायरीवर मटकन बसला. सभेचं सोडा, बंदचंही सोडा. भावासमोर एकदा, फक्त एकदा मान ताठ करून उभं राहायचं होतं. ते स्वतःच्या हाताने घालवलं होतं.

एवढ्यात मागून लेकीची बस आली. सावकाश, वेळेवर. पुढचं दार उघडलं आणि दादा उतरले. इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नव्हती.

"दादा, चूक माझी आहे," तो उठून म्हणाला. "मी लवकर निघालो."

"मला कळलं ते." दादांचा चेहरा कडक होता. "गाडीची किल्ली खिशात होती, छोट्या. घराकडे वळलोसुद्धा होतो. चांगला कोपऱ्यापर्यंत गेलो होतो. ही पोरगी स्टॉपवर येऊन थांबली. हॉर्न नाही, काही नाही. दारात उभी राहून म्हणाली, मोठेकाका, या सावकाश, माझी वेळ अजून झाली नाहीये. आणि वेळ होईपर्यंत बस हलवली नाही तिने. लोक कुरकुरले, तरी नाही."

लेक खिडकीतून बघत होती. बापाने तिला ज्या सवयीसाठी येता-जाता बोल लावले, तीच सवय आज त्याची लाज राखून गेली होती.

"आयुष्यभर तुझी बस उशिरा," दादा म्हणाले, "आणि मी बसायला आलो तर लवकर!" आणि एवढं बोलून ते असे हसत सुटले की शेजारचा कापडवाला दुकानातून बाहेर आला. दादांनी त्याला खांद्याला धरून वळवलं. "ती दुसरी बस दिसतेय? ती चालवणारी माझी पुतणी. माझ्या भावाने तयार केलीय." माझ्या भावाने, हे शब्द भरपाईने दादांच्या तोंडून भर बाजारात पहिल्यांदा ऐकले.

दुपारी सभा झाली. दादांनी बंद पुढे ढकलला. आधी महिनाभर बसने या आणि मग माझ्याशी भांडा, असं त्यांनी सगळ्यांना सुनावलं. काही जण चिडले, पण अध्यक्षांपुढे कोणाचं फारसं चाललं नाही.

संध्याकाळी भरपाईची बस बाजारपेठेतून निघायला उभी होती. रांगेत सगळ्यात पुढे दादा. त्याने ऐटीत दार उघडलं.

"चढ दादा."

दादांनी कमानीवरचं घड्याळ पाहिलं आणि रांगेतून बाजूला झाले.

"तू हो पुढे, छोट्या. मी मागच्या बसने येतो."

त्याला वाईट वाटायला हवं होतं. पण त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि छाती अशी फुगली की शर्टाचं बटण ताणलं गेलं. रांग चढून झाली. हात सवयीने दाराच्या बटणाकडे गेला. त्याने तो मागे घेतला, मांडीवर ठेवला आणि घड्याळाकडे बघत बसून राहिला.