इब्तिहाल कुठे वाचते

इब्तिहाल माझ्या वर्गात आली तेव्हा ती वाचायची नाही, धावायची. पहिल्या शब्दाला घेतलेला श्वास धड्याच्या शेवटी सोडायची, पाठीमागे कुत्रं लागल्यासारखी. तेरा वर्षांची पोर. आमच्या अमारा शहराकडच्या शाळांत बहुतेक मुली अशाच वाचतात. पाठ करायचं, ओतून टाकायचं, बसायचं.

"इथं कोण बोलतंय?" मी विचारलं.

"मी, सित्त." आमच्याकडे शाळेतल्या बाईंना सित्त म्हणतात.

वर्ग हसला. "तू नाही गं. कवितेत कोण बोलतंय?"

तिने पुस्तकात पाहिलं. "आई. मुलाला निरोप देतेय."

"मग एवढी घाई कशाची? लेकरू बसमध्ये चढायच्या आत उरकायचंय का तिला?"

पुन्हा वाचायला लावलं. आमच्या कवितेच्या ओळीचे दोन भाग असतात. पहिला संपला की थांबायचं, ऐकणारीला दुसऱ्याची वाट बघायला लावायची. हे मी सगळ्या वर्गाला शिकवलं, लागलं एकीला. हिवाळ्यापर्यंत ती वाचायला उभी राहिली की मागच्या बाकावर सूर्यफुलाच्या बिया फोडणाऱ्या पोरीही दातात बी धरून थांबायच्या. घरी मी बाळाला भरवताना सासूबाईंना तिच्याबद्दल सांगत असे. जरा जास्तच सांगत असे.

मग ती यायची बंद झाली.

"ती आता मुल्ला वफियाबरोबर जाते, सित्त," वर्गातली शहला म्हणाली. "माझ्या मावशीच्या सासूच्या फातिहाला इब्तिहालनेच वाचलं. मावशी इतकी रडली की विचारू नका. आणि मावशी तर म्हातारी कधी जाते याचीच वाट बघत होती."

मुल्ला वफिया फातिहात, म्हणजे दुखवट्याच्या बैठकीत, वाचते; अशा वाचणाऱ्या बाईला आमच्याकडे मुल्ला म्हणतात. बायका काळे अबाये घालून भिंतींना टेकून बसतात, मधे ती, मांडीवर विलापगीतांची जाड वही. ती वाचते आणि बायका छाती पिटतात. आमच्या भागातल्या तीन पिढ्यांना तिने रडवलंय. पण तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, अक्षरं दिसेनात. तिला डोळे हवे होते आणि गळा हवा होता. दोन्ही तिला माझ्या वर्गात मिळाले.

बाळाला कडेवर घेऊन मी इब्तिहालच्या घरी गेले. भिंतीवर तिच्या बापाचा फोटो होता, कोपऱ्यावर काळी फीत. तो युद्धावरून परतला नव्हता. तिच्या आईने, उम्म सत्तारने, आधी बाळ माझ्याकडून काढून घेतलं आणि त्याच्या तळव्यांचे मुके घेतले.

"तू माझ्या पोरीला वाचायला शिकवलंस, अल्ला तुझ्या लेकराला आयुष्य देवो. आता येतंय की तिला. आणखी काय राहिलं?"

"अजून सगळंच राहिलंय, उम्म सत्तार."

"तुझ्यासाठी राहिलं असेल. या घरात दुसरं कुणी कमावत नाही. मुल्ला म्हणते, माझ्यामागं माझी जागा हिची."

इब्तिहाल चहा घेऊन आली. मी तिलाच विचारलं, तुला काय हवं?

"शाळा," ती म्हणाली, आणि चहाच्या पेल्याकडे बघत राहिली. "दुपारच्या बैठका करीन, सकाळी शाळेत येईन."

"मरणाला सकाळ-दुपार कळते होय?" आई म्हणाली. पण आवाज मऊ झाला होता.

मुख्याध्यापिका सित्त मदीहा कडक बाई. "गैरहजेरी केव्हाच हद्दीबाहेर गेलीय. रविवारी अरबीच्या सहामाही पेपरला बसली तर पटावर नाव ठेवते. नाही बसली तर कापलं. पुन्हा माझ्याकडे येऊ नकोस." मी मुल्लाकडे गेले. ती सिगारेट ओढत ऐकत होती. म्हणाली, "ती एक सकाळ दिली तुला. कुणी मेलंच, तर आठवेल तेवढं मी म्हणेन. बायकांना रडायला निमित्त पुरतं."

शुक्रवारी माझी सासू गेली.

शनिवारी तिला नजफच्या पवित्र कबरस्तानात नेऊन पुरलं. रविवारी सकाळी घर बायकांनी भरलं. मी आतल्या खोलीत बाळाला पाजत होते. बाहेर आले तर मुल्ला वफिया मधे बसलेली, आणि शेजारी, डोक्यावरून मोठा काळा अबाया घेऊन, इब्तिहाल.

"साहिरा, तू हिला बोलावलंस?" मी नणंदेला बाजूला ओढलं. "आज हिचा पेपर आहे."

"आईनेच सांगून ठेवलं होतं," साहिराचे डोळे सुजलेले. "त्या पोरीनेच माझ्यावर वाचायचं, म्हणाली. कुणी भरवलं होतं तिच्या डोक्यात, वहिनी? तूच ना, रोज जेवताना?"

मी इब्तिहालपाशी जाऊन वाकले. "ऊठ. दीर बाहेर गाडी घेऊन उभा आहे. अजून पोचशील."

बायकांच्या माना वळल्या. कुणीतरी म्हणालं, "सासूच्या फातिहातून वाचणारीला हाकलतेय. बघा शिकलेली सून."

"जाऊ दे तिला," मुल्ला म्हणाली. "शब्द दिलाय मी."

इब्तिहाल उठली. दारापर्यंत गेलीही. मागे मुल्लाने आठवून सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीला अडखळली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडखळली. बायकांचे हात छातीवर पडेनात. साहिरा तोंडात अबायाचं टोक कोंबून रडत होती, पण ते एकटीचं रडणं होतं, कुणाच्या आवाजाचा आधार नसलेलं.

"जा," मी म्हटलं. "मागे बघू नको."

"सित्त, त्या अडकल्यात," ती म्हणाली.

"अडकू दे."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या धड्यातलं वाक्य कळलं नाही की बघायची, तसं. मग परत आली, बसली, मांडीवर वही घेतली.

बाळ आत रडायला लागलं म्हणून मी गेले. दार लोटलं तरी ऐकू येत होतं. ती ओळीच्या मधे थांबत होती, बायकांना वाट बघायला लावत होती, आणि मग दुसरा भाग सोडत होती, अगदी सावकाश. छातीवर पडणारे हात एका तालात आले. दिराने खिडकीबाहेरून विचारलं, "वहिनी, गाडी ठेवू की जाऊ?"

मी त्याला जा म्हणून सांगितलं.