मागच्या गाडीनं

ब्रह्मदेशातून जीव घेऊन पळालेल्या माणसांची गाडी नगर स्टेशनात यायची असली, की सुमंतकाका सगळ्यांच्या आधी फलाटावर हजर असायचे. डब्यामागून डबा बायकांचे चेहरे बघत जायचे. त्यांची बायको, सुचित्राकाकू, रंगूनहून त्यांच्याबरोबरच निघाली होती. डोंगर उतरल्यावर एका छावणीत ती मागे राहिली. ती आहे की नाही, एवढंच त्यांना कळायला हवं होतं.

त्यांची पुतणी सुमेधा नुकतीच शाळेच्या सेवापथकात लागली होती. दंडावर लाल पट्टी काय बांधली, तिचे पाय जमिनीवर ठरेनात! हवाई हल्ल्याच्या सूचना तिनं नगरशेजारच्या अख्ख्या भिंगारला शिकवायला काढल्या होत्या.

"विमान दिसलं की पालथं पडायचं, कानांत बोटं घालायची!"

"आन् माज्या म्हशीनं काय करायचं, ताई?" दूधवाल्या छबूबाईनं विचारलं होतं.

"तिला मी शिकवीन. ती तुमच्यापेक्षा लवकर शिकेल!"

आळीभर हसू फुटलं. ओटीवर बसलेले काका मात्र उठून आत गेले. सुमेधा मागोमाग गेली, तेव्हा भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले, "आम्हालाही सूचना होत्या, बाळ. छावणीत माणूस भोंग्यातून ओरडत होता. पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी. रांग सोडू नका. मागे वळू नका. बायका मागच्या गाडीनं येतील. मी जन्मभर सरकारी कागद वाचलेला माणूस. एक सूचना मोडली नाही."

मागची गाडी आली. तिच्यामागचीही आली. काकू कशातच नव्हती.

त्या दुपारी मनमाडकडून गाडी आली ती जवळजवळ मुकीच. खिडक्यांतून नुसते डोळे दिसत होते. एरवी सुमेधा पाणी देता देता बडबडून माणसांना बोलतं करायची, पण आज तिचा आवाज तिलाच मोठा वाटायला लागला. शेवटच्या डब्यात एक बाई तापानं फणफणलेल्या नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"नाव काय, मावशी?"

"लंकाबाई. पाथर्डीकडची हाय मी. तापापायी वाटंत लई दिस गेलं, आता म्होरं मोठ्या दवाखान्याला निघालो."

"आणि यांचं नाव?"

बाईनं पदर तोंडावर घेतला. सुमेधाला हसू आलं. "अहो, दवाखान्यात सांगायला लागेल ना! बरं, उखाण्यात घ्या."

लंकाबाईचा चेहराच उतरला. "नगं बया, उखाना नगं. उखान्यापायी एक बाई ऱ्हायली तिथं छावनीत. तुमच्यावानीच बामनाची हुती, नगरची."

सुमेधाच्या हातातला पेला थांबला. काका मागे येऊन उभे होते.

"साहेब परतेक बाईला मालकाचं नाव इचारायचा. नाव कळंल तिला चिठ्ठी, मंग गाडी. आमचं मालक पल्याडच्या रांगंत हुते, त्यांनीच वरडून सांगितलं. तिचं मालक आदीच गाडीत चढलेलं, ती एकली. कसं घ्यावं नाव? लई येळ गप ऱ्हायली, मंग उखान्यात घेतलं."

"कोणता?" काकांनी विचारलं. आवाज असा, की सुमेधाला तो ओळखू आला नाही.

लंकाबाईनं डोळे मिटले.

"डोंगरावर डोंगर, वाट गेली लांब,
सुमंतरावांचं नाव घेते, गाडीवाल्या थांब."

इंजिन तेवढं धापा टाकत होतं.

"साहेबाला काय उमगनार? गानं म्हनती, येडी झाली म्हनला, आन् तिला आजाऱ्यांकडं लोटलं. आमची मोटारगाडी हलली तशी ती तिथनं सुटून पळाया लागली. पुढच्या, बाप्यांच्या गाडीकडं हात करून. उखाना न्हाई, राव न्हाई, नुसतं 'सुमंत! सुमंत!' पार दिसंनाशी हुईपतुर."

सुमेधा आनंदानं वळली. काकू जिवंत होती, पळत होती, ओरडत होती! पण काकांच्या तोंडावर आनंद नव्हता.

"मी पुढच्याच गाडीत होतो," काका म्हणाले. "ती हाक मी ऐकली."

"मग?"

"मला वाटलं, दुसरा कुणी सुमंत असेल. ही माझं नाव कसं घेईल? लग्न झाल्यापासून कधी घेतलं नाही. आणि मागे वळू नका म्हणाले होते."

गाडीनं शिट्टी दिली. लंकाबाईची खिडकी पुढं सरकली, तिच्यामागून सगळे ते डोळे. फलाट रिकामा झाला. पलीकडे परत मनमाडला जाणारी गाडी उभी होती. काका रूळ ओलांडून तिच्याकडे चालू लागले. खांद्यावर पिशवी नाही, पायांत घरातल्या वहाणा.

"काका!"

फलाटावरच्या दोघातिघा काकांनी वळून पाहिलं. तिचे काका चालतच राहिले.

नावानं हाक मारली तर थांबतील, हे सुमेधाला पक्कं ठाऊक होतं. आळीभर गाजणारा तिचा आवाज त्यांच्यापर्यंत सहज गेला असता. ते नाव तिच्या जिभेवर आलंही. पण त्या नावाला ते वळतील, सगळा जीव डोळ्यांत आणून वळतील, आणि मागे काकू नसेल, उभी असेल फक्त ती, लाल पट्टीवाली.

तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. काकांनी डब्याचा दांडा धरला आणि ते आत चढले.