नकटीचा डोळा

पोखर्णीत कमलबाईच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती. नाक बसकं, पण जीभ अशी धारदार की त्या नाकाकडं बघून हसायची हिंमत गावात आजवर कुणी केली नव्हती. भावाच्या पोरीचं लग्न म्हटल्यावर तर राज्य तिचंच. करवली कोण, वऱ्हाडाला आधी पाणी का आधी चहा, सगळं आत्याबाईच्या हुकमानं. त्यातला पहिला कायदा असा, की अंगाला हळद लागली की नवरीनं वेस ओलांडायची न्हाई. हातात अडकित्ता धरायचा आणि गुमान घरात बसायचं.

निकिताला सकाळीच हळद लागली होती आणि मुहूर्त होता गोरज. दुपारची जेवणं उरकल्यावर परभणीहून पार्लरवाली सृष्टी आली आणि मेकअप करायचा म्हणून मधल्या खोलीचं दार आतून लावून बसली. कमलबाई बाहेर अक्षता निवडत होती. बाहेर बँडवाले सूर जुळवायले होते आणि घरात पाय ठेवायला जागा नव्हती. तेवढ्यात आतून निकिताचा आवाज आला, "आत्या!" त्या आवाजातच काहीतरी वंगाळ होतं. कमलबाईनं ताट तसंच टाकलं आणि खांद्यानं दार ढकललं तशी कडी निघूनच आली.

निकिता कपाळ धरून बसली होती. "डाव्या डोळ्यानं काहीच दिसंना. एकदम काळं झालंय. लय दुखायलंय."

"हळद गेली असंल डोळ्यात," सृष्टी घाईघाईनं म्हणाली. "गुलाबपाणी टाका, होईल नीट."

कमलबाईला पटलं. हळद तिनंच तर फासली होती, ती बी दोन्ही हातांनी. तिनं डोळा धुतला, फुंकर मारली, दुधाचे थेंब सोडले. काही फरक पडेना. मग मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, तर ठसका म्हणून लागला नाही. ठसका लागला नाही म्हणजे नजरच, त्यात कसली शंका. एवढी गोरी-गोमटी पोर, कुणाची तरी नजर लागायचीच. कमलबाई दुसऱ्यांदा मिरच्या ओवाळायला लागली आणि मोलाचा वेळ तिथं जायला लागला.

मिरच्या ओवाळता ओवाळता तिनं पदरानं पोरीचं तोंड पुसलं आणि तिचा हात थांबला. हळद निघाली तशी भुवयांच्या मधली कातडी पांढरीफटक दिसायला लागली, वर जाळीसारखे निळसर डाग. नाकाच्या शेंड्याजवळ रक्ताचा बारीक ठिपका. आणि नाक? नाक वर आलेलं. बाप, आजा, आत्या, या घरात सगळ्यांचीच नाकं बसकी. पाळण्यापासून बघितलेलं नाक कमलबाई विसरेल होय?

"काय केलंस पोरी?"

"इंजेक्शन घेतलं. जेलचं. नाक वर यावं म्हणून." निकिताला रडू आवरेना. "सारखं सारखं ऐकून कटाळा आला होता मला."

काय ऐकून, ते तिनं सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. शिंप्यानं ब्लाऊज वेळेवर दिला नाही, तर कमलबाई म्हणायची, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मांडवाचा बांबू पडला, पुन्हा तेच. लोक खो खो हसायचे. निकिताही हसायची, म्हणून आत्याला वाटायचं पोरीला बी गंमत वाटते. आता कमलबाईच्या काळजात चर्र झालं.

पण रडत बसायची ही वेळ नव्हती. तिनं सृष्टीच्या हातातून इंजेक्शनचा डबा हिसकावला आणि फोन लावला तो थेट धम्मशीला मॅडमला. परभणीच्या डोळ्याच्या डॉक्टर. गेल्या साली कमलबाईचा मोतीबिंदू त्यांनीच काढला होता.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "डब्यावर काय लिहिलंय?"

निकितानं उजव्या डोळ्यानं अक्षर अक्षर लावून वाचलं, "हाय-लु-रॉ-निक."

"मग आशा आहे. ते जेल रक्ताच्या नळीत शिरलंय आणि डोळ्याची वाट अडवून बसलंय. हे जेल विरघळवता येतं. कमलमावशी, तुमच्या मोतीबिंदूच्या वेळी भुलीत जे औषध मिसळलं होतं, तेच लागतं. माझ्या फ्रिजमध्ये आहे. पण रक्त मिळालं नाही तर डोळ्याचा पडदा तास-दीड तासात मरतो. आत्ताच्या आत्ता निघा. वाटेत डोळा मिटून पापणीवरून दाबा आणि सोडा, दाबा आणि सोडा. डबा सोबत आणा."

कमलबाईनं शालीनं पोरीचं डोकं झाकलं, हातात अडकित्ता दिला आणि उंबऱ्याबाहेर काढली. लगेच बाया आडव्या आल्या. "कमल, हळद लागलेली पोर वेशीबाहेर? तूच म्हणलीस ना?"

"म्हणले होते. कायदा माझा, मोडायले बी मीच. सरका."

भावाची जीप डीजेच्या गाडीमागं अडकलेली. नवरदेवाची मिरवणूक, परण्या, निघून मारुतीच्या पारापाशी पोचली होती आणि फुलांनी मढवलेल्या गाडीत पालमचा नवरदेव, हरिओम, मुंडावळ्या सावरत बसला होता. कमलबाई वऱ्हाड कापत सरळ गाडीपाशी गेली. अंतरपाट सरायच्या आत नवरा-नवरीनं एकमेकांचं तोंड बघायचं नसतं, हा बी तिचाच कायदा. तिनं शाल पोरीच्या हनुवटीपर्यंत ओढली आणि दार उघडून तिला मागं बसवली.

"जावईबापू, पोरीचा डोळा चाललाय. परभणीला जायचंय. डायवर कुठाय?"

"नाचायला गेलाय, आत्याबाई."

बँडच्या गर्दीत कोण कुणाला शोधणार? हरिओमनं क्षणभर शालीकडं बघितलं, मुंडावळ्या कानामागं टाकल्या आणि पुढच्या सीटवर सरकून किल्ली फिरवली.

मग काय विचारता. गाडी अशी सुटली की बँड मागं वाजतच राहिला. झेंडू रस्त्यावर उडायला लागले. समोरून ट्रॅक्टर आला की कमलबाई खिडकीतून अर्धी बाहेर येऊन ओरडायची, "बाजूला घे, मुडद्या!" आणि आत होऊन पुन्हा पोरीची पापणी दाबायची, सोडायची. सजवलेली गाडी, नवरदेवच डायवर आणि आत्या किंचाळतेय, हे बघून लोक आपसूकच वाट देत होते.

"दिसंल का ग आत्या?" शालीतून आवाज आला.

"दिसंल," कमलबाई म्हणाली. आणि तिनं पापणी पुन्हा दाबली.

मॅडम हातमोजे घालून दवाखान्याच्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी डबा बघितला, मान हलवली आणि सुरुवात केली. नाकात, भुवयांच्या मधे, आजूबाजूला सुयांवर सुया. डोळ्यातला दाब उतरायला गोळी आणि थेंब. बघता बघता वर आलेलं नाक खाली बसलं आणि पांढरी कातडी लाल व्हायला लागली.

"उजवा डोळा झाका. काय दिसतंय?"

कमलबाईनं आपला तळवा ठेवला. "काहीच न्हाई," निकिता म्हणाली.

"मावशी, खोटं बोलणार नाही. बहुतेकांची नजर परत येत नाही," मॅडम म्हणाल्या आणि पुढची सुई थेट डोळ्याच्या मागं गेली. पुन्हा दाबणं, पुन्हा सोडणं. कमलबाईच्या तोंडून गावच्या नरसिंहाचं नाव सुटत नव्हतं.

"उजेड," निकिता एकदम म्हणाली. "खालच्या अंगाला उजेड दिसायलाय." मग थोड्या वेळानं, "काहीतरी हलायलंय."

मॅडमचा आवाजच बदलला. "मावशी, पुढं या. अजून पुढं. निकिता, समोर कोण आहे?"

निकितानं मान वाकडी केली, डोळा ताणला. "लय धुरकट हाय. तोंडाचा गोल दिसायलाय." ती थांबली. "मधी नाकच न्हाई. आत्या हाय."

मॅडमनी हातमोजे काढले. पुढं म्हणाल्या, की पूर्ण नजर येईलच असं नाही, जेल अजून वर चढलंय का ते बघायला मेंदूचा फोटो काढायचा, आज इथंच ठेवायचं. कमलबाईला त्यातलं निम्मंच ऐकू आलं. ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना.

तेवढ्यात भावाचा फोन आला. मागं वऱ्हाडाचा गलका. "कमल, मुहूर्त टळला, जेवण गार झालं, लोक लय विचारायलेत. काय सांगू?"

सवयीनं ती म्हण जिभेवर आलीच. कमलबाईनं ती गिळली आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या हरिओमलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सांग सगळ्यांना. आत्या नकटी हाय, पोरगी बी नकटीच हाय. आन् पोरीला दिसायलंय."